निरभ्र दिवसाची लाट

मोबाइलमध्ये हवामानाचं ॲप उघडलं की जो पिवळाधमक हसरा सूर्य दिसतो, त्याच्याइतका थापाड्या मी दुसरा पाहिलेला नाही. आणि माझी सगळी नोकरी थापाड्यांशी बोलण्यात गेली आहे, हे लक्षात घ्या. रिसॉर्टचे मॅनेजर, बोटींचे मालक, लाटांवर फळी घेऊन नाचणारी पोरं, ही माझी गिऱ्हाइकं. त्यातला प्रत्येक जण मला काही ना काही पटवायला फोन करायचा. सूर्य फोनसुद्धा करत नाही. नुसता हसतो, आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवून मोकळे होतात.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी हवामानाच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. गमतीजमती असतीलही, पण मला आधी दमल्याचंच आठवतं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं. अजून सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी खिडकीतून झाडाची फांदी कुठे वाकली आहे ते बघते. मग आठवतं, की आता वारा कुठूनही आला तरी मला त्याचं काही देणंघेणं नाही. तरी दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

ऑफिस न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला, घर जवळच्या पोरिरुआला, आणि काम या दोन्हींपासून विमानाने कितीतरी तास उत्तरेकडे. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ आहे. तिचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. त्या बेटांवरचा वारा, पाऊस आणि लाटा यांचा रोजचा अंदाज लिहिणं हे माझं काम. पुण्यात एम.एस्सी. करून, इथे येऊन आणखी एक पदवी घेऊन मी त्या खुर्चीत बसले आणि तिथेच म्हातारी झाले. पायात लोकरीचे मोजे, टेबलाखाली हीटर, बाहेर हाडं गोठवणारा दक्षिणेचा वारा, आणि मी लिहितेय, 'उद्या दमट, उकाडा राहील.' उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फक्त माझ्या शेळ्या रोज फोन करून विचारायच्या, आज कुठे चरू?

धंद्यातली एकच गोष्ट समजावून सांगते. तेवढी कळली की पुढचं सगळं कळेल. समुद्रावर दोन जातींच्या लाटा असतात, एक घरची आणि एक पाहुणी. घरची लाट तिथल्या तिथल्या वाऱ्याने उठते आणि वारा पडला की तीही बसते. पाहुणी लांबून येते. कुठेतरी खूप दूर मोठं वादळ होतं, ते समुद्र ढवळतं, आणि तिथून निघालेली लाट वादळ संपलं तरी दिवसचे दिवस चालत राहते. तिला स्वेल म्हणतात. ती जिथे पोचते तिथे वारा नसतो, ढग नसतो, माडाचं पान हलत नसतं. लख्ख ऊन असतं. पाहुणे म्हणतात, वा, काय सुंदर दिवस! आणि बेटाभोवती प्रवाळाचा जो कठडा असतो, ज्याला सगळे रीफ म्हणतात, त्याच्यावर घराएवढं पाणी येऊन फुटत असतं.

आमच्या बेटांवर जाणारे हे पाहुणे बहुतेक आमच्याच दारावरून जायचे. हिवाळ्यात न्यूझीलंडच्या दक्षिणेला वादळांची रांग लागते. मंगळवारी जो वारा पोरिरुआत माझ्या कुंपणाच्या फळ्या उचकटतो, त्याचीच लाट तीन-चार दिवसांनी बेटांवर पोचते. म्हणजे मला ऑफिसात न जाताही कळायचं. पत्रा वाजायला लागला की मी म्हणायची, झालं, शनिवारी बोटी अडणार. आई म्हणायची, "अगं, आधी आपलं कुंपण बघ." माझी आई वर्षानुवर्षं पुण्याहून मुक्कामाला येत-जात राहिली. शेवटी डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटलं तेव्हा इथेच राहिली. तिचं परतीचं तिकीट मी रद्द केलं, त्या दिवसापासून तिने पुण्याचं नाव काढलं नाही. त्याचा मला जास्त त्रास होतो.

या धंद्यात एक पथ्य असतं. वारा सांगायचा, लाट सांगायची, आपल्याला शंका किती आहे तेही सांगायचं. पण 'जा' किंवा 'जाऊ नका' असं म्हणायचं नाही. ज्याची बोट त्याचा निर्णय. एकदा 'जा' म्हटलं की बोटीवरचं प्रत्येक माणूस आपल्या डोक्यावर बसतं. एकदा 'जाऊ नका' म्हटलं आणि समुद्र शांत निघाला, की पुढच्या खेपेला खरंच लांडगा आला तरी कुणी ऐकत नाही. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हे माझ्या डोक्यात घातलं आणि मी ते निवृत्त होईपर्यंत पाळलं. एकदा मोडलं. त्याबद्दल पुढे सांगते.

लोकांना नेमकं तेच हवं असतं. हॅमिल्टनच्या मराठी मंडळाचे एक उत्साही कार्यकर्ते दर वर्षी फोन करायचे. "ताई, शनिवारी लेकवर आपली पिकनिक आहे. पाऊस आहे का हो?" मी सांगायची, अहो, मी हॅमिल्टनचं बघत नाही, इथून खूप लांबच्या बेटांचं बघते. "हो हो, ते माहितीये. पण तरी तुमचं काय म्हणणं? हॉल बुक करू का नको, तेवढं एक सांगा ना." शेवटी मी खिडकीतून बाहेर बघून "करा" म्हणायची. हॉल कधी वाया गेला नाही, कारण इथे पाऊस पडतोच.

एका रिसॉर्टचा मॅनेजर होता. त्याच्याकडे किनाऱ्यावर लग्नं लागायची. माझं नाव वैजयंती, पण इथल्या लोकांनी त्याचं 'वाय' करून टाकलं होतं. त्याचा फोन आला. "वाय, शनिवारच्या अंदाजात तू रेन लिहिलंयस. त्याच्याऐवजी पासिंग शॉवर्स लिहिता येईल का? नवरीची आई माझ्यासमोर बसून रडतेय." मी म्हटलं, शॉवर येतो आणि जातो, हा येणार आहे आणि मुक्काम करणार आहे. लग्न जेवणघरात लागलं. पाऊस मीच वर जाऊन ओतला असावा, अशा आवाजात तो पुढे सबंध मोसमभर माझ्याशी बोलत होता.

आणि याच्या अगदी उलट सर्फर. एक सुतार होता, समुद्राकाठच्या एका लहान गावातला. माझी जी ओळ वाचून बोटवाले बोटी बांधून ठेवायचे, तीच ओळ वाचून हा रजा टाकायचा. "किया ओरा, वाय! संडेला स्वेल हीप्स मोठा आहे ना? स्वीट ॲज!" किया ओरा हा इथला नमस्कार, हीप्स म्हणजे खूप, आणि स्वीट ॲज म्हणजे झकास. एकाच वाक्याने एक माणूस हातपाय गाळून बसायचा आणि दुसरा विमानाचं तिकीट काढायचा. दोघांना मी सारखंच सांगायची. अंदाज सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्या मापाने शिवलेला हवा असतो. मी कधी कुणाला शिवून दिला नाही. एवढा एक माज मी अजून करते. आता ते काम मशीन करतं आणि चांगलं करतं, मला त्याची तक्रार नाही. मशीनला कुणी रडून फोन करत नाही, एवढाच मला हेवा वाटतो.

आता मामाची गोष्ट. ही मामा म्हणजे आमची शेजारीण. तिच्या बेटांवर पोक्त बाईला आदराने मामा म्हणतात. आईला हे काही केल्या पटेना. "बाईमाणसाला मामा काय म्हणायचं?" असं म्हणत म्हणत तीही म्हणायला लागली. मामा रूता तरुणपणी कारखान्यात काम करायला पोरिरुआला आली. इथेच लग्न, इथेच मुलं-नातवंडं, नवराही इथेच गेला. ती मूळची माझ्या त्या माळेतल्या एका लहानशा बेटावरची. ज्या बेटाला माझ्या रोजच्या अंदाजात जेमतेम एक ओळ मिळायची, त्या बेटावर हिचं घर होतं.

तिची आणि आईची गट्टी अळूवरून जमली. मामा पोरिरुआच्या दुकानातून टॅरोची पानं आणायची, नारळाच्या दुधात शिजवायला. आईने कुंपणावरून ती पाहिली आणि चष्मा सावरत म्हणाली, "अगं, हे तर आपलं अळू!" दुसऱ्या दिवशी तिकडे अळूवड्या गेल्या आणि तिकडून भाजी आली. दोघींचं इंग्रजी मिळून एकीचंही पुरं होत नव्हतं, पण तास तास गप्पा चालायच्या. माझं आणि मामाचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, ते इथे मराठीत लिहिते.

मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन गाडी लावली की मामा कुंपणाशी उभी असायची. "वाय, आज माझ्याकडे काय?" माझ्याकडे म्हणजे तिच्या बेटावर. मी सांगायची, वारा असा, लाट अशी, पाऊस नाही. ती मान डोलवायची आणि आत जाऊन बहिणीला फोन लावायची. तिची थोरली बहीण तिथेच राहिली होती, आईवडिलांच्या घरात, किनाऱ्यालगत. बाईच्या थोरल्या बहिणीला त्यांच्यात तुआकाना म्हणतात. आपल्या ताईसारखा त्यांनाही वेगळा शब्द आहे हे कळल्यावर आई भारी खूश झाली होती. ती ताई आता बिछान्याला टेकली होती. मामाला कायमचं तिच्याकडे जायचं होतं. "ती माझ्यासाठी थांबलीय," मामा म्हणायची. बाकीची भावंडं सगळी गेली होती.

आता तिथे जायचं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. विमानाने मोठ्या बेटावर, आणि तिथून मालवाहू बोटीने. ही बोट दोनेक महिन्यांतून एकदा सुटते. मामाच्या बेटाला धक्का नाही. बोट रीफच्या बाहेर उभी राहते. आतून लहान होडी येते, माणसं तिच्यात उतरतात, आणि मग रीफमधल्या अरुंद खिंडीतून, लाटेची पाठ धरून, होडी आत घुसते. समुद्र शांत असला तर शेळीसुद्धा उतरेल. स्वेल असला तर पहिलवानसुद्धा नाही. मामाचे गुडघे कामातून गेलेले. तिला चौघांनी उचलूनच होडीत ठेवावं लागणार होतं.

एका दुपारी मामाची मुलगी टिना आमच्याकडे आली. सुपरमार्केटच्या कामावरून थेट, गणवेशातच. चहा नको म्हणाली.

"वाय, मामाने तिकीट काढलंय. वन वे."

"हो, बोलली मला."

"गेली तर परत येणार नाही. मला परत दिसणार नाही ती. आमचं कुणाचं ऐकत नाही. तुझं ऐकते. तिला फक्त सांग, की समुद्र वाईट आहे. एकदाच सांग."

"टिना, मी असं कधी केलेलं नाही."

"माहितीये मला. म्हणून तर तिला खरं वाटेल."

मी नाही म्हटलं. ती भांडली नाही. टेबलावरचे दाणे बोटाने इकडून तिकडे करत थोडा वेळ बसली आणि उठून गेली. तिचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आईला जवळ ठेवून घ्यायला माझ्याकडे डॉक्टर तरी होते.

पण घरी गेल्यावर मायलेकींचं वाजलं. कुंपणापलीकडून मला त्यांच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, तरी माझं नाव ऐकू आलं. टिना रागाच्या भरात बोलून गेली होती, की विचार वायला, तीही तुला तेच सांगेल. त्यानंतर मामा कुंपणाशी आली नाही. मी गाडी लावायची, जरा रेंगाळायची आणि आत जायची.

आणि मग नेमकी ती वादळं आली. आमच्या नकाशावर एकापाठोपाठ एक अशी दोन दिसत होती. पहिलं पोरिरुआच्या अंगावरून गेलं, कचऱ्याचे डबे रस्ताभर पळाले. सगळी गणितं एकच सांगत होती. मामाची बोट बेटापाशी पोचणार त्याच दिवशी पहिला स्वेल तिथे असणार, आणि तो उतरायच्या आत दुसरा येणार. या कामात शंकेला नेहमी थोडी जागा असते. त्या आठवड्यात नव्हती.

मी पावसातून तिच्या घरी गेले. मामाची बांधाबांध चालली होती. चिली बिनमध्ये, म्हणजे थंड राहणाऱ्या पेटीत, मटण, डबाबंद खाण्याचे खोके, बहिणीसाठी नवी गादी आणि फुलाफुलांचं कापड. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मामा, तुमची बोट पोचेल तेव्हा दक्षिणेचा मोठा स्वेल असणार आहे. त्याच्या मागे आणखी एक आहे."

तिने टॅबलेट उचलून माझ्यापुढे धरला. तिच्या बेटाच्या नावाखाली तो थापाड्या सूर्य हसत होता, एक-दोन नाही, सगळा आठवडाभर. "वारा नाही, पाऊस नाही. आत्ताच बहिणीशी बोलले. पाणी तळ्यासारखं आहे म्हणाली."

"आज आहे. हे बाहेर जे वाजतंय ना, ते शनिवारी तिथे पोचेल."

"ते मला नको शिकवू. माझा जन्म तिथला आहे. किती मोठा?"

मी आकडा सांगितला. तिने गादीवर हात ठेवला. ती हिशोब करत होती, मला दिसत होतं. रोजच्यासारखी मी तिथेच थांबले असते तर तिने तो हिशोब पुरा केला असता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते गुडघे होते, ती होडी होती. मी म्हणून बसले, "मामा, या वेळी जाऊ नका. पुढच्या बोटीने जा."

तिने वर पाहिलं. "इतकी वर्षं तुला कुंपणाशी उभी राहून विचारतेय. तू वारा सांगितलास, लाट सांगितलीस. जा, जाऊ नको, असं कधी म्हणाली नाहीस. आज म्हणतेस. टिना आली होती ना तुझ्याकडे?"

"आली होती. पण मी तिला..."

"मग झालं."

मी घरी जाऊन लॅपटॉप आणला, नकाशे दाखवले, लाल-जांभळे पट्टे दाखवले. ती म्हणाली, "रंगांतलं मला काय कळतं, बाळ." रागावली नाही. उलट फ्रिजमधून पानांची जुडी काढून दिली, "आईला दे." मला दारापर्यंत सोडायला मात्र आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. प्रेमाने बोललेल्या दोन शब्दांनी माझा पक्का अंदाज खोटा पडला, आणि तोही समुद्राने पाडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टिना तिला विमानतळावर घेऊन गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला वाटलं मी सांगितलंच नाही, आणि मामाला वाटलं मी खोटं सांगितलं. खरं बोलून मी दोघींच्या मनातून उतरले.

शनिवारी माझीच ड्यूटी होती. बोटीवरून कप्तानाचा फोन आला. शांत, सज्जन माणूस, माझ्याशी वर्षानुवर्षं बोलणारा. "वाय, खिंड दिसतच नाही. नुसतं पांढरं आहे. कधी उतरेल?" मी सांगितलं, आज नाही. उद्या थोडं कमी, पण खिंडीत जाता येईल इतकं नाही, आणि मग दुसरा. तो "थँक्यू" म्हणाला. मामा बोटीवर आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. 

पुढचं त्यानेच नंतर सांगितलं. तो थांबता येईल तितका थांबला. रीफच्या बाहेर घिरट्या घालत राहिला. आकाश निळंभोर, वाऱ्याची झुळूक नाही. किनाऱ्यावर लोक जमले. त्यांनी थोरल्या बहिणीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाण्यापर्यंत आणलं. कप्तानाने मामाला दुर्बीण दिली. बहीण टॉवेल हलवत होती. मामा बोटीच्या कठड्याला धरून उभी होती आणि अधूनमधून तीही हात हलवत होती, जरी इतक्या लांबून तो तिकडे दिसणं शक्य नव्हतं. मग बाकीच्या बेटांचा माल होता, इंधन होतं, बोट वळवावीच लागली.  नंतर ती जेवली नाही, म्हणाला.

मोठ्या बेटावरून टिनाने तिला परत आणलं. पोचली त्याच संध्याकाळी मामा कुंपणाशी उभी होती.

"तू खरं बोलत होतीस."

"हो."

"खोटं बोलली असतीस तर मी तुझ्यावर रागावले असते. आता कुणावर रागावू?"

 मी तिचा हात धरला. तो फार गार होता. पुढची बोट दोन महिन्यांनी होती आणि ती पुन्हा जाणार होती, या वेळी टिनाही सोबत जाणार होती. मायलेकींचं तेवढं जमलं. रोज संध्याकाळी परत, आज माझ्याकडे काय. मी परत वारा आणि लाट, एवढंच.

ती बोट सुटायच्या आधी बहीण गेली.

टिना सकाळीच आली. मला सुट्टी होती, आई भाजी निवडत होती. टिनाचे डोळे सुजले होते. "तिकडे फार वेळ ठेवता येत नाही, उकाडा असतो. उद्या सकाळी पुरणार. वाय, मामा येईल तुला विचारायला. तिकडे शांत असेल तर तेवढं सांगू नकोस ग. म्हणेल, आज मला उतरता आलं असतं. जीव तुटेल तिचा."

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. दक्षिणेकडून काही नाही. पूर्वेची हलकी झुळूक. आरशासारखा समुद्र, हिवाळ्यात कधीमधी येणारा तसा दिवस, आणि दुसरा दिवसही तसाच. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "सांग वाईट आहे म्हणून. काय बिघडतंय? म्हातारीला तेवढंच बरं वाटेल." मलाही ते पटलं. निवृत्तीला थोडे आठवडे उरले होते. एवढ्या सगळ्या खऱ्या अंदाजांत एक खोटा खपून गेला असता. वाक्यसुद्धा ठरवलं, मामा, आज कुणालाच उतरता आलं नसतं.

मामा कुंपणाशी थांबली नाही, सरळ स्वयंपाकघरात आली. चर्चला जायचे कपडे, केस नीट बांधलेले. आईने तिला खुर्ची दिली आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन बसली.

"वाय, आज माझ्याकडे काय?"

"वारा पूर्वेचा, हलका," मी म्हटलं. "लाट नाही. शांत आहे."

का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. इतक्या वर्षांत जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

मामाने डोळे मिटले. "राहील? उद्यापर्यंत?"

"राहील. उद्या दुपारपर्यंत नक्की."

"देवाची कृपा," ती म्हणाली. "मग पास्टर उतरेल."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. बेटावरच्या चर्चचा पास्टर वर्षापूर्वी गेला, दुसरा आलाच नाही. आता शेजारच्या बेटावरून बोलवायचा, लहान होडीतून, निम्मा दिवस लागतो. पहाटेपासून तिकडची माणसं किनाऱ्यावर उभी राहून पाणी बघत होती. पाणी शांत दिसत होतं, पण त्या दोन लाटांनंतर दिसण्यावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. मध्येच समुद्र उठला तर होडी रीफबाहेर अडकेल. म्हणून त्यांनी मामाला फोन केला होता, तुझ्या त्या बाईला विचार. वाईट म्हणाली तर होडी पाठवत नाही, पास्टरशिवाय पुरतो. तिची ताई आयुष्यभर चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलेली बाई. तिला पास्टरशिवाय मातीत ठेवायचं, या एका विचाराने मामा सकाळपासून धास्तावली होती. स्वतःच्या उतरण्याचं तिच्या मनातही नव्हतं. ते आमच्या मनात होतं, टिनाच्या, आईच्या आणि माझ्या.

 मी ओट्याला टेकून उभी राहिले. मामाने तिथूनच फोन लावला आणि मी सांगत गेले तसं तिच्या भाषेत पलीकडे सांगत गेली. आईने न विचारता चहा टाकला.

संध्याकाळ व्हायच्या आत कुंपणापलीकडून हाक आली. मी आणि आई धावत बाहेर गेलो. मामा फोन कानाला लावूनच उभी होती. ती रडत होती आणि ओरडत होती.

"वाय! उतरला! पायसुद्धा न भिजता उतरला!"